राजा हवाय? आधी आनंदवलीला जाऊन या

नाशिकला गंगेवर, म्हणजे गोदाकाठी, सकाळी फिरणाऱ्या आमच्या मंडळींच्या ग्रुपवर तोच मेसेज तिसऱ्यांदा आला. ‘जपान, ब्रिटन, नॉर्वेत राजे आहेत म्हणून ते देश पुढे गेले. राजाला निवडणूक लढवायची नसते, म्हणून तो खात नाही. शिवरायांसारखा राजा आणा, देश सुधारेल.’

आधी परदेश. जपानच्या १९४७च्या राज्यघटनेने सम्राटाला कारभाराचा कुठलाच अधिकार ठेवलेला नाही. ब्रिटनमध्ये संसदेने मंजूर केलेलं विधेयक राजसत्तेने शेवटचं अडवलं ते १७०८ साली. नॉर्वेने तर १९०५मध्ये लोकांची मतं घेऊन राजा आणला! आधी हात बांधले, मग सिंहासनावर बसवलं. खरोखर राज्य करणारा राजा बघायचा असेल तर आफ्रिकेतलं एस्वातिनी बघा. तिथे १९७३ साली राजकीय पक्षांवरच बंदी आली. मेसेजमध्ये ते नाव कसं नाही?

‘खात नाही’ म्हणणाऱ्यांनी स्पेनचे राजे हुआन कार्लोस यांची चौकशी करावी. २०१४मध्ये गादी सोडली, २०२०मध्ये पैशांच्या आरोपांच्या गदारोळात देशही सोडला.

आता शिवराय. महाराजांबद्दल वाद नाहीच. अडचण ‘सारखा’ या शब्दाची आहे. तसा राजा मागून मिळत नाही आणि गादी गुण बघून पुढे जात नाही. महाराजांना जाऊन तीस वर्षंही झाली नव्हती, तोवर नातू शाहू आणि सून ताराबाई गादीसाठी समोरासमोर उभे होते.

पुढचं तर आपल्या गंगापूर रोडवरच आहे. आनंदवली म्हणजे राघोबादादांचं ठिकाण. (पेशवे राजे नव्हते, मान्य. पण पेशवाईही घरातल्या घरातच जायची ना?) ३० ऑगस्ट १७७३ला शनिवारवाड्यात अठरा वर्षांच्या नारायणराव पेशव्याचा, राघोबांच्या सख्ख्या पुतण्याचा, खून झाला. न्यायाधीश रामशास्त्र्यांनी राघोबांना दोषी ठरवलं, तरी पेशवाईची वस्त्रं राघोबांनाच मिळाली. न्यायाधीश पुणं सोडून गेला, दोषी गादीवर बसला. त्यांना खाली खेचायला मतपेटी नव्हती, म्हणून बारभाईंना, म्हणजे एकत्र आलेल्या कारभाऱ्यांना, कारस्थान करावं लागलं. राघोबा इंग्रजांकडे गेले, १७७५मध्ये सुरतेचा तह केला, आणि त्यातून पेटलेली लढाई १७८२पर्यंत चालली. एका घरातल्या वारसाहक्काच्या भांडणापायी इतकं!

नारायणरावाची आई गोपिकाबाई त्याच रस्त्यावर, थोडं पुढे गंगापूरला राहायची.