गोटा टायर, भरलेली ट्रॉली आणि घर्षणाचं चुकीचं गणित

‘घर्षणामागचं खरं विज्ञान’ असा एक मेसेज सध्या साताऱ्यातल्या ग्रुपांवर फिरतोय. मला तो माझ्याच एका जुन्या विद्यार्थ्याने पाठवला. तो उसाचा ट्रॅक्टर चालवतो. खाली त्याने विचारलं होतं, “सर, हे बरोबर आहे का?” मेसेजमध्ये चार दावे आहेत. गोटा झालेला टायर रस्ता जास्त धरतो. भरलेली गाडी जड असल्यामुळे लवकर थांबते. घर्षण म्हणजे फक्त खडबडीतपणा. आणि घाट उतरताना गाडी न्यूट्रल केली की ब्रेकही वाचतात, डिझेलही. चारही चुकीचे आहेत, आणि तीन तर जीवावर बेतणारे.

आधी टायर. मेसेज म्हणतो, नक्षी झिजली की जास्त रबर रस्त्याला टेकतं, म्हणून पकड वाढते. वर दाखला देतो, रेसच्या गाड्यांचे टायर बघा. रेसच्या टायरला नक्षी नसते हे खरं. पण ते टायर कोरड्या ट्रॅकसाठी असतात, त्यांचं रबर वेगळं आणि मऊ असतं, आणि पाऊस आला की तिथेही नक्षीचे टायर चढवतात. टेकणाऱ्या क्षेत्रफळाचं म्हणाल, तर फ्रान्सच्या आमाँताँ या शास्त्रज्ञाने 1699 मध्येच मांडलं होतं की घर्षण वरच्या भारावर ठरतं, वरवर दिसणाऱ्या क्षेत्रफळावर नाही. रबर मऊ असल्याने हा नियम त्याला तंतोतंत लागू होत नाही, कोरड्या रस्त्यावर थोडा फरक पडतो, हे मान्य. पण नक्षी असते ती पाण्यासाठी. टायरखालचं पाणी त्या खाचांतून बाजूला निघतं. खाचाच उरल्या नाहीत तर वेगात पाण्याला निघायला वाट मिळत नाही, टायर पाण्यावर तरंगतो आणि रबर रस्त्याला टेकतच नाही. मग स्टिअरिंग फिरवा नाहीतर ब्रेक दाबा, गाडी ऐकत नाही.

ताशी 60 किलोमीटर वेगात घर्षणांक, म्हणजे रस्त्याची पकड सांगणारा आकडा, 0.7 धरला, तर ब्रेक लागल्यापासून गाडी साधारण 20 मीटरवर थांबते. ओल्या रस्त्यावर तोच 0.4 झाला तर 35 मीटर लागतात. कारच्या टायरच्या खाचांत बारीक आडवे उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली, म्हणजे 1.6 मिलिमीटर उरली, की टायर बदलायचा. आपल्याकडच्या पावसात तर त्याच्या आधीच.

आता ट्रॉली. विद्यार्थ्याचा खरा प्रश्न हाच होता, म्हणून इथे जरा थांबतो. वजन वाढलं की घर्षण वाढतं, इथवर मेसेज बरोबर आहे. पण थांबवायचं ओझंही तेवढंच वाढतं. समीकरणात वस्तुमान दोन्ही बाजूंना येतं आणि कटतं. म्हणून सगळ्या चाकांना चांगले ब्रेक असतील तर रिकामी आणि भरलेली गाडी जवळपास तेवढ्याच अंतरात थांबायला हवी. वजनामुळे लवकर नाही.

आणि उसाच्या कितीतरी ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेकच नसतात! समजा ट्रॅक्टर 3 टनांचा आहे आणि मागे उसासकट दोन ट्रॉल्या 20 टनांच्या. थांबवायचे 23 टन, पण रस्ता धरून ठेवणार फक्त ट्रॅक्टरची चाकं. जोडणीतून त्यांच्यावर थोडा भार येतो तो सोडून दिला, तर पकड मिळते 3 टनांची. ताशी 20 च्या वेगात एकटा ट्रॅक्टर कोरड्या रस्त्यावर सव्वादोन मीटरमध्ये थांबेल. ट्रॉल्यांसकट लागतील 17 मीटर. उतार असेल तर आणखी. शिवाय मागचं ओझं ढकलत राहतं आणि ट्रॅक्टर आडवा होतो. कोरेगाव रस्त्याला ट्रॉलीच्या पुढे घुसून अचानक ब्रेक मारणाऱ्या दुचाकीवाल्यांनीही हा हिशोब लक्षात ठेवावा.

खडबडीतपणाचा दावा थोडक्यात. एमआयडीसीतल्या कुठल्याही टूलरूममध्ये जाऊन स्लिप गेज, म्हणजे अचूक मापाचे ठोकळे, बघा. आरशासारखे घासलेले पोलादी ठोकळे एकमेकांवर सरकवून दाबले की असे चिकटतात की एक उचलला की दुसराही सोबत येतो. म्हणजे खडबडीतपणा नसला तरी पकड असते. दोन पृष्ठभाग प्रत्यक्षात काही बारीक टोकांवरच टेकतात. तिथे ते एकमेकांना चिकटतात, आणि ते सांधे तोडायला जे बल लागतं त्यातूनच घर्षणाचा मोठा भाग येतो. भार वाढला की हे सांधे वाढतात. आमाँताँच्या नियमाचं कारण इथे आहे.

शेवटी न्यूट्रल. पाचगणीहून पसरणी घाटाने वाईला उतरताना उंची निदान 500 मीटरने कमी होते. 10 टनांचा भरलेला ट्रक तेवढा उतरला की जी ऊर्जा मोकळी होते, तिच्यात साध्या तापमानाचं दीडशे लिटर पाणी उकळीला येईल. गाडी गिअरमध्ये असली की त्यातला मोठा वाटा इंजिन ओढून धरतं. न्यूट्रल केलं की जवळपास सगळी उष्णता ब्रेकवर येते. ड्रम तापून फुगतो, लायनरची पकड सुटते, आणि पाय दाबलेला असूनही गाडी धावत राहते. डिझेलही वाचत नाही. आताच्या गाड्यांत गिअरमध्ये पाय अ‍ॅक्सिलरेटरवरून काढला की इंधन बंद होतं. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला ते जळतच राहतं. चढताना जो गिअर लागला असता, त्याच गिअरमध्ये उतरा, आणि तो घाट सुरू व्हायच्या आधी टाका.