गाडीच्या एसीतला गॅस ‘संपत’ नसतो

मार्च उजाडला की कोल्हापुरातल्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर एक संदेश हमखास फिरू लागतो. गाडीच्या एसीतून गरम हवा येऊ लागली म्हणजे गॅस संपला. तो दर उन्हाळ्यापूर्वी भरून घ्यावा. इंजिन बंद असताना गेज (दाब मोजायचा काटा) लावला की गॅस किती उरला ते कळते. गाडीखाली पाणी ठिबकत असेल तर तीच गॅसची गळती. आणि भरताना थोडा जास्तच भरावा म्हणजे गारवा टिकतो, असा त्याचा आशय असतो. यातले एकही विधान जसेच्या तसे खरे नाही आणि शेवटचे तर कॉम्प्रेसरच्या जिवावर उठणारे आहे.

पेट्रोल जळते म्हणून संपते. एसीतला गॅस जळतही नाही आणि झिजतही नाही. कॉम्प्रेसर तो दाबतो, कंडेन्सरमध्ये आपली उष्णता बाहेरच्या हवेला देऊन तो द्रव होतो, पुढे एक्स्पान्शन व्हॉल्व्हमधून जाताना दाब एकदम उतरल्याने थंड पडतो आणि कूलिंग कॉइलमध्ये केबिनची उष्णता शोषत उकळून परत कॉम्प्रेसरकडे येतो. हा फेरा बंद नळ्यांतला आहे. रबरी नळ्या आणि शाफ्टचे सील यांतून थोडा गॅस वर्षानुवर्षे झिरपतो, हे मान्य. परंतु एकाच वर्षात गारवा जाण्याइतका तो कमी होत असेल, तर कुठेतरी गळती आहे आणि ती न शोधता पुन्हा गॅस मारणे म्हणजे फुटक्या घागरीत पाणी ओतणे आहे. गळती शोधण्याची पहिली खूण साधी आहे. गॅसबरोबर कॉम्प्रेसरचे तेलही बाहेर येते, त्यामुळे सांध्यावर किंवा कंडेन्सरच्या कोपऱ्यात धूळ चिकटलेला तेलकट डाग दिसतो. डाग दिसत नसेल तर नायट्रोजनचा दाब देऊन साबणाच्या फेसाने किंवा चमकणारा रंग सोडून छडा लावतात.

गरम हवा म्हणजे गॅसच कमी, हा समज मला स्वतःला महागात पडला आहे. गेल्या वर्षी पुण्याहून येताना हायवेवर एसी उत्तम चालायचा, पण तावडे हॉटेलपाशी शहरात वळून दसरा चौकाच्या सिग्नलला उभे राहिलो की दोन मिनिटांत गरम वाफ अंगावर यायची. एका गॅरेजमध्ये गॅस भरून घेतला, फरक शून्य. मग उद्यमनगरातल्या एका वयस्कर मिस्त्रींनी बोनेट उघडले, एसी लावला आणि कुठेही हात न लावता मला एवढेच विचारले, “पंखा फिरतोय का बघा.” कंडेन्सरपुढचा पंखा जागचा हलत नव्हता. त्यांनी त्याचा रिले, म्हणजे पंख्याला वीज जोडणारा छोटा स्विच, उपटून त्याच नंबरचा हॉर्नचा रिले तिथे बसवला, तेव्हा पंखा घरघरत सुरू झाला. हायवेवर वेगाचा वाराच कंडेन्सर गार करत होता, सिग्नलला तो मिळत नव्हता, इतकाच सगळा घोळ होता. नव्या रिलेची किंमत वाया गेलेल्या गॅसच्या मानाने काहीच नव्हती.

पंखा ठीक असूनही कंडेन्सर चोंदलेला असू शकतो. उसाच्या हंगामात ट्रॉल्यांमागून हिंडलेल्या आणि पाचटाच्या काजळीतून गेलेल्या गाड्यांच्या बारीक जाळीत जो थर बसतो, तो हलक्या दाबाच्या पाण्याने धुऊन पाहावा. जोराची धार मारली तर जाळीच्या पापुद्र्या वाकतात. एसीचे बटण दाबल्यावर कॉम्प्रेसरला इंजिनाशी जोडणाऱ्या क्लचची ‘टक्’ ऐकू येत नसेल तर फ्यूज, रिले, प्रेशर स्विच आणि क्लचची कॉइल तपासावी. सुरुवातीला गार असलेली हवा तासाभराने मंदावते आणि थांबल्यावर भरपूर पाणी गळते, तेव्हा कूलिंग कॉइलवर बर्फ धरत असतो. डॅशबोर्डमागून टकटक येत असेल, तर हीटरची झडप अडकल्याचीही शक्यता आहे.

बंद इंजिनावरच्या गेजचे म्हणाल, तर बऱ्याच गाड्यांच्या एसीत असणाऱ्या १३४ए गॅसचा दाब ३० अंशांना सुमारे ९७ पीएसआय (दाबाचे एकक) आणि ३५ अंशांना सुमारे ११४ पीएसआय असतो, आणि आत थोडाही द्रव शिल्लक असेपर्यंत तो तेवढाच राहतो. म्हणजे तो आकडा गॅस किती आहे हे सांगत नाही, हवा किती तापली आहे हे सांगतो. वाचन करायचे ते एसी चालू ठेवून आणि कॉम्प्रेसरच्या दोन्ही बाजूंचे, म्हणजे आत येणाऱ्या गॅसचा खालचा दाब आणि बाहेर पडणाऱ्याचा वरचा. दोन्ही दाब कमी असतील तर गॅस कमी असण्याचा संभव मोठा. खालचा वाढलेला आणि वरचा उतरलेला असेल तर कॉम्प्रेसर थकला आहे. आणि दोन्ही चढलेले असतील तर पंखा, चोंदलेला कंडेन्सर किंवा जास्त भरलेला गॅस यांवर संशय घ्यावा. या तिसऱ्या परिस्थितीत गॅस वाढवणे म्हणजे दुखण्यात भर घालणे होय.

ठिबकणाऱ्या पाण्याचा मुद्दा एका वाक्याचा आहे: मोकळ्या हवेत उणे २६ अंशांनाच उकळणारा गॅस गाडीखाली थेंबाथेंबाने पडूच शकत नाही, ते थंड कॉइलवर जमलेले हवेतल्या ओलाव्याचे पाणी असते. उलट पावसाळ्यात ते पाणी बाहेर न पडता पायाखालच्या मॅटवर आले, तर निचऱ्याची नळी तुंबली आहे.

थोडा जास्त भरावा, हा सल्ला मात्र कोणीही पाळू नये. जास्त गॅसामुळे कंडेन्सरमध्ये द्रवाला जागा पुरत नाही, दाब चढतो, प्रेशर स्विच कॉम्प्रेसर बंद करतो आणि पुन्हा गरम हवाच येते. द्रव कॉम्प्रेसरमध्ये शिरला तर तो निकामीही होतो. गॅस किती भरायचा हे बोनेटखालच्या स्टिकरवर ग्रॅममध्ये लिहिलेले असते, छोट्या गाड्यांत साधारण अर्ध्या किलोच्या आसपास. म्हणून आधी असलेला गॅस काढून घेऊन, गळती दुरुस्त करून, अर्धा तास तरी व्हॅक्यूम मारून आतली हवा आणि ओल काढावी, व्हॅक्यूम टिकतो का ते पाहावे आणि मग काट्यावर मोजून गॅस भरावा. ओल राहिली तर ती व्हॉल्व्हमध्ये गोठते आणि तेलात मिसळून आम्ल बनवते. कॅन उलटा धरून ‘गार लागेपर्यंत’ गॅस सोडणाऱ्याला यातले काहीच करता येत नाही, आणि त्याच्याकडे काटा आहे का, हे आपण गाडी आत घालण्यापूर्वी विचारू शकतो.