चालू नका, रेकॉर्डिंग चालू आहे

माळ्यावरून बाबांच्या ६३ एलपी रेकॉर्डी खाली काढल्या तेव्हा भाच्याने विचारलं, "मामा, कॉम्प्युटरवर कॉपी व्हायला किती वेळ लागेल?"

"गाणं जितका वेळ वाजतं तितकाच," मी म्हटलं.

नळराजाने हंसाकरवी निरोप धाडायचं ठरवलं तेव्हा दरबारी मंडळींनी ज्या नजरेने पाहिलं असेल, त्या नजरेने भाच्याने माझ्याकडे पाहिलं. पण तबकडी मिनिटाला सव्वातेहेतीस नाही, बत्तीसही नाही, बरोबर ३३⅓ फेरेच घेते. कॉम्प्युटर कितीही महागाचा आणा, तिला घाई करता येत नाही. एका बाजूला साधारण २२ मिनिटं, म्हणजे १२६ बाजूंना ४६ तास. हा हिशेब मी बायकोच्या नजरेस पडू दिला नाही.

पहिलं संकट बुरशीचं. कित्येक पावसाळे माळ्यावर काढलेल्या रेकॉर्डींवर पांढरी नक्षी उमटली होती. डिस्टिल्ड वॉटर, त्यात भांड्याच्या साबणाचे दोन थेंब, मऊ फडकं, लेबल भिजणार नाही अशा बेताने आंघोळ. वाळत कुठे घालायच्या? ताटाळ्यात. माप जणू त्याच्याचसाठी घेतलेलं. त्या रात्री पाहुण्यांसाठी ताटं काढायला गेलेल्या बायकोच्या हातात नाट्यसंगीत आलं. त्यावर ती जे बोलली ते रेकॉर्ड झालं नाही, हे माझं नशीब.

मग जोडाजोडी. प्लेअरची वायर मी लॅपटॉपच्या माइकच्या भोकात खुपसली. गायिका पत्र्याच्या डब्यात बसून गात होती आणि डग्गा तर साथीला आलाच नव्हता. इथे मला कळलं की रेकॉर्ड कापतानाच खालचे सूर मुद्दाम दाबतात, नाहीतर खाचा इतक्या रुंद होतील की २२ मिनिटं मावायचीच नाहीत. वरचे सूर उलट चढवून ठेवतात. वाजवताना फोनो प्रीअँप नावाची डबी हे सगळं परत जागेवर आणते आणि सुईकडून येणारा चिमूटभर आवाज मोठाही करते. डबी आणली. डग्गा आला. सोबत एक अखंड घुंSSS पण आलं.

"तंबोरा छान लागलाय," आई म्हणाली.

तो तंबोरा नव्हता, भिंतीतली ५० हर्ट्झची वीज होती. प्लेअरच्या मागे लोंबणारी, मी बिनकामाची म्हणून गुंडाळून ठेवलेली अर्थिंगची बारीक वायर डबीच्या स्क्रूला आवळली, तेव्हा तंबोरा थांबला. आई हळहळली.

पडद्यावर आवाज किती जोरात येतोय ते दाखवणारी पट्टी लाल होऊ द्यायची नाही, हा पुढचा नियम. लाल झाली की तिथला सूर फाटतो आणि तो पुढे कशानेही शिवता येत नाही. म्हणजे बाई तार सप्तकात सगळ्यात वर कुठे जातात ते आधी ऐकून ठेवायचं, मग रेकॉर्ड करायचं. ४६ चे ९२ तास झाले. तो कागदही मी लपवला.

खरखर काढायला सॉफ्टवेअरमध्ये सोय असते. मी ती जरा सढळ हाताने वापरली. यंत्राला ओरखडा आणि ढोलकीची थाप यांतला फरक कळेना. त्याने दोन्ही साफ केले आणि लावणीचं भजन झालं. गाणी आपोआप वेगळी करायची सोयही आहे, शांतता सापडली की तुकडा पाडते. आमच्या रेकॉर्डींना शांतता ठाऊकच नाही, त्यामुळे चार गाण्यांचं एकच झालं. शांतता कशाला म्हणायचं तो आकडा बदलला, तर गायिकेने श्वास घेतला की नवं गाणं सुरू.

नावं देणं हे आणखी एक काम. १९०२ साली कोलकात्यात गायिका गौहर जान रेकॉर्डसाठी गायच्या, तेव्हा शेवटी स्वतःचं नाव इंग्रजीत सांगून मोकळ्या व्हायच्या, कारण तबकड्या छापायला जर्मनीत हॅनोव्हरला जायच्या आणि तिथल्या लोकांना कळायला हवं, कोण गातंय. केवढा दूरदर्शीपणा! माझ्या फोल्डरात मात्र 'नवीन', 'नवीन नक्की' आणि 'हेच शेवटचं ३' अशा तीन गायिका आहेत.

पण हे सगळं मी निभावलं असतं. खरा प्रश्न जमिनीचा होता. आमची इमारत जुनी, घर तिसऱ्या मजल्यावर. कुणी चाललं की फरशी थरथरते, फरशीबरोबर टीपॉय, टीपॉयबरोबर सुई. खोलीतलं बोलणं रेकॉर्ड होत नाही, पाऊल मात्र होतं. म्हणून मी फर्मान काढलं की लाल दिवा लागला की २२ मिनिटं कुणीही हलायचं नाही. पहिल्या बाजूला बायको एका हातात झारा धरून स्वयंपाकघराच्या उंबरठ्यात उभी राहिली. दुसऱ्या बाजूला तिने कुकर लावला आणि शिट्ट्या मोजत चवड्यांवर गेली. भाचा सोफ्यावरून सोफ्यावर उड्या मारत जाऊ लागला, त्याने सुई थेट पुढच्या गाण्यात गेली.

शेवटी महिनाभराने एक बाजू अशी निघाली की माझंच मन भरलं. आईला हेडफोन लावून दिला. ती डोळे मिटून ऐकत होती. मग कपाळाला आठी पडली.

"मध्येच हे धप धप कोण चालतंय?"

"तू. दूधवाल्याला दार उघडायला गेली होतीस."

"काहीतरीच! मी एवढी जोरात चालतच नाही," असं म्हणून हेडफोन काढून आई तरातरा आत निघून गेली. इकडे दुसऱ्या बाजूवर सुई ठेवलेली होती, आणि मी पडद्यावर एकामागून एक लाल होत जाणाऱ्या पट्ट्या मोजत बसलो. देवघरापर्यंत नऊ झाल्या.