वैरी सांगा, वय सांगतो

नॉर्थ कॅरोलायनात रॉली, डरहॅम आणि चॅपल हिल या तीन गावांच्या बेचक्याला ट्रँगल म्हणतात. इथे बरीच मराठी मंडळी राहतात. हवा बरी, शाळा बऱ्या, कोथिंबीर मुबलक. जाच एकच, कॉलेज बास्केटबॉलचा. जानेवारी ते मार्च जो भेटेल तो विचारतो, "तुम्ही कोणाचे?" उत्तर डरहॅमचं ड्यूक, चॅपल हिलचं कॅरोलायना किंवा रॉलीचं स्टेट या तीन कॉलेजांपैकीच हवं. बरं, एक नाव घेऊन सुटका होईल म्हणावं, तर लगेच तुमचा वैरी कोण तेही सांगावं लागतं. आणि वैरी घरातल्या तीन पिढ्यांचे तीन.

माझं तर मत झालंय, की कॉलेज बास्केटबॉलच्या फॅनला त्याची टीम विचारण्यात अर्थ नाही. त्याला राग कोणाचा येतो ते विचारावं. माणूस दहा ते वीस वर्षांचा असताना जी टीम त्याला मार्चमध्ये, म्हणजे स्पर्धांच्या महिन्यात, रडवते, ती त्याची जन्माची वैरीण. एवढं कळलं की पाचेक वर्षांच्या फरकाने वय सांगता येतं.

"मेरीलँड" (त्याच नावाच्या राज्यातलं कॉलेज) हे उत्तर मात्र फसवं आहे, तिथे पोटप्रश्न विचारावा लागतो. समोरच्याने स्टेटच्या डेव्हिड थॉम्पसनच्या उड्या आठवून डोळे मिटले, तर गृहस्थ साठी ओलांडलेले. विषय 9 मार्च 1974 चा. ग्रीन्सबरोत अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्सची, म्हणजे या कॉलेजांच्या गटाची, फायनल, ओव्हरटाइम, स्टेट 103, मेरीलँड 100. तेव्हा कॉन्फरन्समधून फक्त विजेती टीम राष्ट्रीय स्पर्धेत जायची. म्हणजे देशात चौथ्या नंबरची मेरीलँड घरी बसली. हे इतकं झोंबलं की पुढच्याच वर्षी स्पर्धेत 25 च्या जागी 32 टीम आल्या आणि एका कॉन्फरन्समधून एकाहून जास्त जाऊ लागल्या. स्टेटने 1974 मध्ये, सलग सात वर्षं राष्ट्रीय विजेत्या असलेल्या यूसीएलएला घरी पाठवून विजेतेपद घेतलं. त्या काळी इंजिनिअरिंगच्या एमएसला रॉलीत आलेल्या काकांसमोर "खरी टक्कर ड्यूक आणि कॅरोलायनाचीच ना?" असं विचारू नये. पोहे थंड होतात.

उलट मेरीलँडच्या हुआन डिक्सनचं नाव निघालं, तर माणूस चाळिशीच्या आसपासचा. 2001 च्या जानेवारीत शेवटच्या मिनिटाला दहा पॉइंटांनी मागे असलेल्या ड्यूकने मेरीलँडला ओव्हरटाइममध्ये हरवलं, आणि पुढे फायनल फोरमध्ये (राष्ट्रीय स्पर्धेतले शेवटचे चार) 22 ची पिछाडी भरून काढून पुन्हा हरवलं. मेरीलँडवाल्यांनी ड्यूकशी हाडवैर धरलं. ड्यूकची पोरं काय करायची? "तुम्ही आमचे वैरी नाहीच!" म्हणून घोषणा द्यायची. एकतर्फी प्रेम परवडलं, एकतर्फी वैर फार वाईट. 2014 मध्ये मेरीलँड टीव्हीच्या पैशामागे बिग टेन या दुसऱ्या कॉन्फरन्समध्ये गेलं. आज बारावीतल्या मुलाला सांगा की मेरीलँड म्हटलं की आमचं रक्त उसळायचं. तो फोनवर नकाशा उघडतो.

वैर मुरायला दोन गोष्टी लागतात: वर्षाला दोन मॅच आणि तोच तो माणूस. दोन्हींचा दुष्काळ पडलाय. आठ टीम होत्या तेव्हा प्रत्येकीशी दोनदा, म्हणजे चौदा मॅच. फेब्रुवारीत हरलेल्याचा सूड त्याच हंगामात घेता यायचा. आता टीम अठरा. नावात अटलांटिक किनारा असलेल्या या कॉन्फरन्समध्ये 2024 पासून कॅलिफोर्नियातली दोन कॉलेजं आहेत! ड्यूक आणि कॅरोलायना यांच्या दोन मॅच जपून ठेवल्यात, कारण टीव्हीला त्या हव्यात. ड्यूक आणि स्टेट दरवर्षी दोनदा भेटतीलच असं नाही.

माणसाचं म्हणाल, तर ख्रिश्चन लेटनर ड्यूकला चार वर्षं होता. चार वर्षांत राग कसा छान पिकतो. 1992 मध्ये केंटकीविरुद्ध 2.1 सेकंद उरले असताना ग्रँट हिलने जवळजवळ कोर्टभर लांब पास फेकला. लेटनरने पाठमोऱ्यानेच बॉल पकडला, एकदा आपटला, वळला, टाकला. ड्यूक 104, केंटकी 103. त्याआधी याच गड्याने खाली पडलेल्या खेळाडूच्या छातीवर पाय ठेवला होता आणि तरी त्याला बाहेर काढलं नव्हतं. केंटकीत तेव्हा जे दहा वर्षांचे होते, ते आता आपल्या पोरांना हा पाय दाखवतात. पोरं म्हणतात, "हो बाबा."

पोरांचं तरी काय चुकलं? 2022 च्या फायनल फोरमध्ये कॅरोलायनाच्या केलेब लवने ड्यूकच्या बुजुर्ग प्रशिक्षकांच्या, कोच केंच्या, शेवटच्या मॅचमध्ये थ्री (लांबून तीन पॉइंटांचा बास्केट) मारून ड्यूकला बुडवलं. कॅरोलायनाच्या लेकरांनी भिंतीवर पोस्टर लावलं. वर्षभरात लवसाहेब ट्रान्सफर पोर्टलमधून, म्हणजे कॉलेज बदलणाऱ्यांच्या यादीतून, ॲरिझोनाला. नोव्हेंबर 2023 मध्ये ड्यूकच्या कॅमेरॉन हॉलमध्ये येऊन पुन्हा जिंकले, ॲरिझोनाच्या शर्टात. आता कॅरोलायनाच्या फॅनने टाळ्या वाजवायच्या की नाही? सध्याच्या नियमांत उत्तर नाही.

शर्टाचे नियम मात्र पक्के आहेत. आकाशी म्हणजे कॅरोलायना, गडद निळा म्हणजे ड्यूक, लाल म्हणजे स्टेट. गडद निळा शर्ट धुऊन धुऊन विटला की घरी पोतेऱ्याला घ्यावा, कारण तो नकळत पक्ष बदलतो. 2024 पासून लालही जपून वापरावा: त्या मार्चमध्ये स्टेटने पाच दिवसांत पाच मॅच मारून फायनलमध्ये कॅरोलायनाला आणि पुढे राष्ट्रीय स्पर्धेत ड्यूकला लोळवलं, तेव्हापासून शाळकरी पोरांना काकांची स्टेट वैरीण म्हणून नव्याने सापडलीय. हळदी रंग सगळ्यात बिनधोक. तो वेक फॉरेस्टचा. ते कॉलेज 1956 मध्ये दीडेकशे किलोमीटर दूर विन्स्टन-सेलमला गेलं, आणि इतक्या लांब जाऊन द्वेष करायला कोणाला वेळ आहे?

काही चतुर लोक "आम्ही फक्त हॉकी बघतो" म्हणून सटकू पाहतात. पण रॉलीच्या हरिकेन्स या हॉकी टीमची जर्सीही लालच, आणि त्याच हॉलमध्ये 1999 पासून स्टेटची पुरुषांची टीमही खेळते. समोरचा कॅरोलायनाचा असला की तुमच्या शर्टाकडे बघतो, मान हलवतो आणि म्हणतो, "वाटलंच मला. स्टेट."