फाइल उघडली नाही तर सांगा ना!

दोन दिवस गेले माझे, एका कोऱ्या पानापायी! आणि कारण काय, तर पर्ल या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत स्क्रिप्ट लिहून फाइल उघडायला सांगणाऱ्याने ती उघडली की नाही हे बघायचेही कष्ट घेतले नाहीत.

इंदूरच्या आमच्या मंडळाचे गणेशोत्सवाचे कार्यक्रम एका साध्या टेक्स्ट फाइलमध्ये असतात. स्क्रिप्टने ती वाचायची आणि एकेक ओळ पानावर छापायची, एवढंच काम. परवा नवी फाइल चढवली, तर वर मंडळाचं नाव आणि खाली नुसता पांढरा कागद. एरर नाही, सर्व्हर बिघडल्याचा पाचशेचा आकडा नाही, काही नाही. रामबागेतल्या काकूंचा फोन, "अगं, अथर्वशीर्ष किती वाजता आहे? इथे काहीच दिसत नाही." काय सांगू त्यांना?

टर्मिनलवर, म्हणजे हाताने कमांड देऊन चालवली, तर तीच स्क्रिप्ट सगळा कार्यक्रम धडाधड छापत होती! कारण तिथे ती माझ्या नावाने चालते, आणि वेबसर्व्हर चालतो वेगळ्या युजरने. फाइलची परमिशन ६००, म्हणजे मी वाचू शकते, सर्व्हर नाही. पर्लला हे त्याच क्षणी कळलं होतं. ओपन, म्हणजे फाइल उघडायची आज्ञा, फसलं की पर्ल कारण डॉलर-उद्गारचिन्ह नावाच्या व्हेरिएबलमध्ये ठेवतं: परमिशन डिनाइड, वाचायची परवानगी नाही. पण विचारलं कोणी? पुढे 'ऑर डाय' (नाही जमलं तर थांब) नाही, वर 'यूज वॉर्निंग्ज' (गडबड दिसली तर इशारा दे) नाही. न उघडलेल्या फाइलवर व्हाइल लूप एकदाही फिरला नाही आणि स्क्रिप्ट गुपचूप संपली. दोन शब्द लिहायचे होते हो, दोन!

आणि तेवढ्यावर भागलं नाही. फाइलचं अख्खं नाव थेट यूआरएलमधून, म्हणजे पानाच्या पत्त्यातून, उचलून दोन आर्ग्युमेंटच्या ओपनला दिलंय; त्यात कसं उघडायचं हे वेगळं सांगत नाहीत, पर्ल ते नावावरूनच ठरवतं. त्या नावाच्या शेवटी कोणी पाइपची उभी रेघ टाकली, तर पर्ल फाइल उघडत नाही, ते नाव कमांड म्हणून चालवतं. आमच्या सर्व्हरवर! कसं उघडायचं हे वेगळं सांगणारं तीन आर्ग्युमेंटचं ओपन पर्ल ५.६ पासून आहे, म्हणजे २००० सालापासून. ही स्क्रिप्ट २०१८ ची आहे. संताप होतो नुसता.

ओपन बदललं, ठरलेल्या नावांखेरीज दुसरं नाव आता घेतच नाही, परमिशन ६४४, म्हणजे सगळ्यांना वाचता येईल अशी, केली, फसलं तर कारण लॉगमध्ये जातं. काकूंना वेळ फोनवरच सांगितली. आता त्याच माणसाच्या आणखी अकरा स्क्रिप्ट तपासायच्या आहेत, आणि पहिल्याच स्क्रिप्टमध्ये ओपनपुढे नुसता अर्धविराम आहे.