शाळेची किल्ली कुणाकडे असते?

२५ सप्टेंबर २०१९ ची रात्र आमच्या भागात कुणी विसरणार नाही. पुण्यातल्या आंबील ओढ्याच्या कडेला ज्यांची घरं आहेत, कात्रजपासून दांडेकर पुलापर्यंत, त्यांना तर सांगायलाच नको. पाणी आधी उंबऱ्याला लागलं तेव्हा वाटलं नेहमीसारखं गटार तुंबलं असेल, आणि पाच-सात मिनिटांत सिलेंडर तरंगायला लागला. मुलगा तेव्हा चार वर्षांचा होता, त्याला कडेवर घेतलं, सासूबाईंचा हात धरला आणि सगळे जिकडं पळत होते तिकडं आम्हीपण पळालो. सगळे पळत होते शाळेकडं, कारण चढावर पक्की बिल्डिंग तीच एक. पोचलो तर गेटला कुलूप.

किल्ली शिपाईकाकांकडे, काका राहायला लांब, फोन लागेना, रस्ते बंद. चाळीस-पन्नास माणसं पावसात गेटबाहेर उभी, त्यात एक बाळंतीण. शेवटी दोन पोरांनी भिंतीवरून उडी मारून कुलूप दगडानं फोडलं, पण वर्गांची कुलपं वेगळी, त्यामुळं अख्खी रात्र व्हरांड्यात काढली. शाळेचं नाव मी घेत नाहीये आणि काकांची तर काहीच चूक नव्हती, रात्री किल्ली कुणाकडे असावी हे कुणी ठरवलंच नव्हतं. छप्पर होतं, पंखे होते, संडास होते, सगळं आपल्याच पैशातून बांधलेलं, आणि गरज पडली त्या रात्री आम्ही बाहेर.

पुढं मुलगा त्याच शाळेत पहिलीला गेला, पहिलं अर्धं वर्ष मोबाईलवरच गेलं, मग शाळा उघडली आणि २०२२ ला मी शाळा व्यवस्थापन समितीवर आले. ही समिती काय असते हे बऱ्याच पालकांना माहितीच नसतं म्हणून सांगते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात ती आहे, सरकारी, पालिकेच्या आणि अनुदानित शाळांना, त्यात किमान ७५ टक्के पालक असायला पाहिजेत आणि एकूण सभासदांत निम्म्या बायका. म्हणजे कायद्यानं आपल्याला खुर्ची दिलेली आहे. पण बहुतेक ठिकाणी पालक येतात, रजिस्टरवर सही करतात, चहा घेतात आणि जातात. मीपण पहिल्या दोन मीटिंगला तेच केलं. तिसऱ्या मीटिंगला किल्लीचा विषय काढला आणि तिथून जे सुरू झालं ते आज सविस्तर लिहायचंय, कारण परवा एका मैत्रिणीनं विचारलं की शाळेनं शिकवायचं सोडून दवाखाना आणि पालिकेची कामं कशाला करायची.

माझं म्हणणं एवढंच आहे की आमच्यासारख्या वस्तीत शाळा ही एकच सरकारी जागा आहे जिथं माणूस रोज जातो आणि न घाबरता जातो. दवाखान्यात आपण दुखणं अंगावर काढून झाल्यावर जातो. क्षेत्रीय कार्यालयात दाखला पाहिजे असेल तर. पोलीस चौकीत तर कुणाला जायचंच नसतं. चार घरची धुणीभांडी करणारी बाई सकाळी ओपीडीच्या लाईनीत उभी राहिली की तिचे दोन खाडे होतात, पण तीच बाई पोराला सोडायला शाळेच्या गेटपर्यंत रोज येते. मग दवाखाना, पाणीखातं, औषध फवारणीवाले, पोलीस, कचरावेचक ताई, या सगळ्यांनी महिन्यातून एकदा त्या गेटपाशी यायला काय हरकत आहे? शाळेनं त्यांची कामं करू नयेत, फक्त जागा द्यावी आणि वार ठरवून द्यावा.

आरोग्य तपासणीचंच घ्या. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून आहे, १८ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी, डॉक्टरांची टीम शाळेत येऊन डोळे, कान, दात, हृदय, वजन-उंची सगळं बघते. चांगली योजना आहे, मी मनापासून सांगते. पण टीम येऊन गेल्यावर पोराच्या हातात एक चिठ्ठी असते, पुढच्या तपासणीसाठी अमुक ठिकाणी न्यावे. आमच्या शेजारच्या मुलीला फळ्यावरचं दिसत नव्हतं, तिची चिठ्ठी आठ महिने दप्तरात होती, चुरगळलेली, वरणाचे डाग पडलेली. आईला वाचता येत नाही, पोरगी सांगायला विसरली, बाईंना वाटलं घरच्यांनी दाखवलं असेल, डॉक्टरांना वाटलं चिठ्ठी दिली म्हणजे काम झालं. सगळ्यांनी आपापलं काम केलं आणि पोरगी वर्षभर पुढच्या मुलीच्या वहीत बघून लिहीत राहिली, आणि वर तिला 'लक्ष नसतं' असा शेरा!! हे मला कळलं त्या दिवशी मला रात्रभर झोप आली नाही.

मग आम्ही तीन आयांनी बाईंकडून सगळ्या वर्गांच्या चिठ्ठ्यांची यादी करून घेतली. अकरा मुलं निघाली. शनिवारी शाळा सकाळची, लवकर सुटते, दवाखान्यातल्या सिस्टरना आधी फोन करून ठेवला, आणि दोघीजणी अकराच्या अकरा मुलांना रांगेनं घेऊन गेलो, पालकांची लेखी परवानगी घेऊन. सात जणांना चष्मे लागले. एकाच्या कानात मळ होता फक्त, पण तो पोरगा दोन वर्षं 'ऐकतच नाही' म्हणून बोलणी खात होता. याला पैसे लागले नाहीत, नवीन योजना लागली नाही, फक्त दवाखाना आणि शाळा यांच्यामध्ये चालत जाणारं कुणीतरी लागलं.

त्याच सिस्टर आता पालकसभेला येतात. १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्टला जंताच्या गोळ्या असतात आणि मोठ्या मुलामुलींना आठवड्याला लोहाची निळी गोळी, त्यावरून आयांमध्ये किती भीती असते विचारू नका. गोळी खाल्ली आणि पोरीला मळमळलं की दुसऱ्या दिवशी अर्ध्या वस्तीत बातमी, गोळ्यांमधून काहीतरी देतात. सिस्टरनी नीट समजावलं की उपाशीपोटी घेऊ नका, जेवणानंतर घ्या, शी काळी होते त्याला घाबरू नका, आणि पाळी सुरू झालेल्या मुलीला लोह का कमी पडतं तेपण. पत्रकावर हेच सगळं छापलेलं होतं, पण समोर बसून बोललेलं बायका ऐकतात आणि उलटे प्रश्न विचारतात. दुसऱ्या महिन्यात दोघींनी स्वतःचं रक्त तपासून घेतलं.

डासांचं पण तसंच. २०२४ ला एरंडवण्यात झिका निघाला तेव्हा सगळे घाबरले होते, डेंग्यू तर दर पावसाळ्याचाच. आम्ही कीटक प्रतिबंधक विभागाच्या माणसाला म्हणलं, तुम्ही नुसता धूर करून जाऊ नका, अर्धा तास पोरांबरोबर फिरा. ते आले, पांढऱ्या वाडग्यात पाणी घेऊन त्यातल्या वळवळणाऱ्या अळ्या दाखवल्या, सांगितलं की हा डास दिवसा चावतो, स्वच्छ साठलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत अंड्याचा डास होतो, म्हणून आठवड्यातून एकदा भांडी कोरडी करायची. मग पोरं निघाली शोधायला आणि पहिल्या अळ्या सापडल्या शाळेच्याच कुंडीखालच्या ताटलीत. तेव्हापासून माझा मुलगा दर रविवारी फ्रिजच्या मागचा ट्रे ओढून काढतो, मी दहा वर्षांत कधी काढला नव्हता.

पाण्याबद्दल थोडक्यात. २०२५ च्या जानेवारीत सिंहगड रोड, नांदेड गाव, किरकटवाडी भागात जीबीएसचे, म्हणजे हातपाय लुळे पडतात त्या आजाराचे, पेशंट निघाले आणि दूषित पाण्याची चर्चा झाली. नळाच्या पाण्यात क्लोरीन आहे का हे बघायचं किट फार महाग नसतं, गोळी टाकली आणि क्लोरीन असलं की पाणी गुलाबी होतं, लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम असायला पाहिजे. आठवीच्या विज्ञानाच्या सरांनी आठवड्यातून एकदा हे करून फळ्यावर लिहायला लावलं आणि कमी दिसलं की पाणीखात्याला फोन. पोरांना रसायनशास्त्र आणि वस्तीला माहिती, दोन्ही एका बाटलीत.

आता जे मला सगळ्यात जास्त सांगायचंय ते. पुण्यात 'स्वच्छ' ही कचरावेचकांची सहकारी संस्था आहे, २००८ पासून घरोघरी कचरा गोळा करते, त्याच्या मागे १९९३ ला उभी राहिलेली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही त्यांची संघटना. त्यांची लाल ठिपक्याची मोहीम कितीजणींना माहितीये? वापरलेलं पॅड कागदात गुंडाळायचं आणि वर लाल ठिपका काढायचा, म्हणजे कचरा वेगळा करणाऱ्या बाईला ते उघडून बघावं लागत नाही. साधी गोष्ट आहे. आमच्या भागात कचरा घ्यायला येणाऱ्या ताईंना सातवी-आठवीच्या मुलींसमोर बोलायला बोलावलं. त्या आधी नाहीच म्हणत होत्या, मला कुठं बोलता येतंय, वर त्यांची स्वतःची मुलगी त्याच वर्गात, तिला पोरी चिडवतील ही भीती. शेवटी आल्या. माईक नको म्हणल्या, खुर्चीवर पण बसल्या नाहीत, उभ्या राहूनच बोलल्या. म्हणल्या, बाळांनो, तुम्ही जे डब्यात टाकता ते मी हातानं काढते, काच पण हातानं आणि ते पण हातानं, आणि मग त्याच हातानं मला दुपारी भाकरी खायची असते. वर्गात टाचणी पडली तरी ऐकू आली असती. एक मुलगी रडायलाच लागली. त्यांची लेक मागच्या बाकावरून उठून आईशेजारी येऊन उभी राहिली आणि कागद कसा गुंडाळायचा ते तिनंच करून दाखवलं. आज त्या शाळेच्या टॉयलेटमध्ये जुने पेपर आणि लाल स्केचपेन दोरीला बांधून ठेवलेलं असतं, आणि ते संपलं की मुलीच नवीन लावतात.

आणि हे काही परदेशातून आलेलं खूळ नाहीये हो. आपल्याच शहरात १८४८ ला भिडेवाड्यात मुलींची शाळा काढणारे जोतीराव पुढं पुणे नगरपालिकेचे सदस्य झाले, १८६८ ला त्यांनी घरातला हौद अस्पृश्य मानलेल्या लोकांना खुला केला. १८९७ च्या प्लेगात सावित्रीबाईंनी दत्तक मुलगा यशवंतबरोबर रुग्णांची सेवा केली आणि त्यातच १० मार्चला गेल्या. शिकवणं वेगळं आणि पाणी-दवाखाना वेगळा अशी वाटणी त्या दोघांनी कधी केलीच नव्हती. शाळाशाळांत मुलामुलींच्या सुरक्षिततेसाठी सखी सावित्री समिती करायचा शासन निर्णयसुद्धा १० मार्चचाच, २०२२ चा. तुमच्या मुलीच्या शाळेत ती समिती आहे का, तिची शेवटची बैठक कधी झाली, एकदा जाऊन विचारा.

आता शिक्षकांचं. माझी नणंद शिक्षिका आहे म्हणून मला माहितीये, त्यांच्यावर आधीच किती कामं आहेत, ॲपवर माहिती भरा, सर्व्हे करा, फोटो पाठवा. शिक्षण हक्क कायद्याचं कलम २७ सांगतं की जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक सोडून शिक्षकांना बिगरशैक्षणिक कामाला लावायचं नाही. त्यामुळं आम्ही पहिल्या दिवशीच ठरवलं की बाईंच्या डोक्यावर एकही रजिस्टर वाढता कामा नये. फोन करणं, यादी धरणं, मुलांना नेणं-आणणं हे समितीतल्या पालकांचं काम. आणि खात्यांकडून आम्हाला मोठा कार्यक्रम नको, एक ठरलेला माणूस पाहिजे, त्याचा नंबर पाहिजे आणि ठरलेला वार पाहिजे. कारण दुसरा प्रकारपण बघितलाय. एका खात्याचा जनजागृतीचा कार्यक्रम होता, पाहुणे दोन तास उशिरा आले, पोरं मैदानात उन्हात बसलेली, दोन मुलींना चक्कर आली, मग हार, भाषण, फोटो, आणि त्यानंतर त्या खात्याचं कुणी फिरकलं नाही. असं परत होऊ देणार नाही हे मी मीटिंगमध्ये स्पष्ट सांगितलंय.

संध्याकाळी शाळा उघडी ठेवायची का यावर मात्र आमच्यात खूप वाद झाले आणि विरोध करणारे चुकीचे नव्हते. मैदानात बाटल्या सापडल्या होत्या, नळ तोडले होते, मुलींच्या सुरक्षिततेचा प्रश्न खरा आहे. पण दहा बाय दहाच्या खोलीत टीव्ही चालू, आजोबा खोकतायत, बाळ रडतंय, तिथं दहावीच्या पोरानं अभ्यास कुठं करायचा? शेवटी पूर्ण शाळा नाही, तळमजल्यावरची रस्त्याकडची एक खोली, साडेपाच ते साडेसात, रोज दोन पालक हजर, वहीत नाव आणि वेळ, दारावर मुलांच्या हेल्पलाईनचा १०९८ आणि पोलीस-मदतीचा ११२ मोठ्या अक्षरात आणि चौकीतल्या ठरलेल्या हवालदारांचा नंबर. ते पण चक्कर मारतात अधूनमधून, पोरं आता त्यांना काका म्हणून गणितं विचारतात. वीस-बावीस मुलं बसतात रोज.

आणि किल्ली. त्याला वर्ष लागलं, अर्ज, पोचपावती, परत अर्ज. पण झालं. एक किल्ली शिपाईकाकांकडे, एक मुख्याध्यापिकांकडे आणि तिसरी सीलबंद पाकिटात, गेटसमोर राहणाऱ्या मावशींकडे, पाकीट फोडलं तर का आणि किती वाजता ते वहीत लिहायचं. २५ जुलै २०२४ ला खडकवासल्यातून पाणी सोडलं, तिकडं एकतानगरीत घरांत पाणी शिरलं आणि आमच्याकडच्या नदीलगतच्या खालच्या घरांतली माणसं पहाटेच वर यायला लागली. मावशींनी पाकीट फोडलं, दहा मिनिटांत गेट उघडलं, वर्ग उघडले, म्हाताऱ्यांना बाकांवर सतरंज्या टाकून दिल्या. वहीत मावशींच्या अक्षरात लिहिलंय, पहाटे ५.१०, पाणी आलं म्हणून.

फक्त टाकीत पाणी नव्हतं आणि मोटरचं बटण ज्या खोलीत आहे तिची किल्ली त्या जुडग्यात नव्हती. अकरा वाजेपर्यंत संडासाला पाणी नाही, प्यायचं पाणी आम्ही घरून हंड्यानं आणलं. ती खोली वेगळ्या खात्याकडे येते असं तेव्हा कळलं. त्याचे तीन अर्ज झालेत, चौथा या शनिवारच्या मीटिंगमध्ये लिहायचाय, ११ वाजता, तळमजल्यावरच्या त्याच खोलीत. आमच्या शाळेतले जे पालक हे वाचतायत त्यांनी सहीसाठी या, आणि सही करून लगेच जाऊ नका.