लाल दिवा राहू द्या, त्याच्या शेजारचा डबा पाहा

उन्हाळ्यातले फुगलेले बिल हातात पडले, की नाशिकच्या निदान निम्म्या सोसायट्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर एक संदेश हमखास फिरू लागतो. रिमोटने बंद केलेला टीव्ही रात्रभर वीज खातो, म्हणून झोपण्यापूर्वी भिंतीवरचे बटण बंद करा, असा त्याचा आशय असतो आणि खाली कुठून तरी आलेला शेकडो रुपयांचा आकडा चिकटवलेला असतो. सल्ला चांगला आहे, परंतु त्यातले बोट चुकीच्या वस्तूकडे रोखलेले आहे, असे माझे मत आहे. ते थोड्या आकडेमोडीसह मांडतो.

कोणतेही उपकरण वर्षभर, दिवसाचे चोवीस तास, एक वॅट वीज घेत राहिले तर वर्षाला ८.७६ युनिट होतात. एवढा एक आकडा लक्षात ठेवला, तर व्हॉट्सअ‍ॅपवरचे बहुतेक दावे जागच्या जागी तपासता येतात. आजचा बरा एलईडी टीव्ही रिमोटने बंद केल्यावर अर्ध्या वॅटच्या आसपास वीज घेतो. दिवसाचे चार तास टीव्ही चालतो आणि वीस तास तो लाल दिवा दाखवत असतो असे धरले, तर वर्षाला साडेतीन-पावणेचार युनिट होतात. युनिटचा दर बारा रुपये धरा, पन्नास रुपयेही होत नाहीत. शालिमारला दोघांनी मिसळ खाल्ली तरी याहून अधिक खर्च होतो.

हा अर्धा वॅट आपोआप आलेला नाही. जुन्या, पाठीला पोट असलेल्या टीव्हींचा स्टँडबाय, म्हणजे रिमोटने बंद असतानाचा, वापर पाच-सात वॅट किंवा त्याहूनही अधिक असे. अमेरिकेतील लॉरेन्स बर्कली राष्ट्रीय प्रयोगशाळेतील अ‍ॅलन मायर यांनी नव्वदच्या दशकात घरोघरच्या या गळतीची मोजदाद करून, कोणत्याही उपकरणाला स्टँडबायमध्ये एका वॅटहून अधिक वीज लागू नये, अशी कल्पना मांडली, आणि १९९९ साली आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने ती उचलून धरली. पुढे युरोपीय संघाने २००८ च्या नियमाने हे बंधनच घातले. केवळ दिवा दाखवत रिमोटची वाट पाहणाऱ्या उपकरणांसाठी २०१० पासून एक वॅट आणि २०१३ पासून अर्धा वॅट ही मर्यादा आली. जगभरासाठी टीव्ही बनवणाऱ्या कंपन्यांना वेगवेगळ्या देशांसाठी टीव्हीच्या आतले वेगवेगळे वीजपुरवठा सर्किट बनवणे परवडत नाही, त्यामुळे त्या नियमाचा फायदा गंगापूर रोडवरच्या आणि सिडकोतल्या दिवाणखान्यांनाही मिळाला.

आता टीव्हीच्या शेजारी किंवा खाली ठेवलेल्या सेट टॉप बॉक्सवर हात ठेवून पाहा. सकाळी उठल्याबरोबर, टीव्ही लावण्यापूर्वी पाहा. टीव्हीची पाठ गार असते आणि बॉक्स कोमट असतो. आमच्याकडे डिसेंबर-जानेवारीच्या कडाक्यात एक पाल नेमकी बॉक्स आणि भिंत यांच्या मधल्या फटीत मुक्काम करते. ऊब कुठे आहे हे तिला आमच्याआधी कळलेले असते, आणि त्या उबेचे पैसे अर्थातच आम्ही भरत असतो.

बॉक्स गरम राहण्याचे कारण साधे आहे. रिमोटवरचे बंद करण्याचे बटण दाबले की पुष्कळ बॉक्स फक्त चित्र आणि आवाज थांबवतात आणि हिरव्याऐवजी लाल दिवा लावतात. आतला ट्यूनर, प्रोसेसर आणि स्मृती यांचे काम चालूच राहते. छत्रीवाल्या डीटीएच जोडणीत तर गच्चीवरच्या छत्रीच्या तोंडाशी असलेल्या, उपग्रहाचे संकेत पकडणाऱ्या एलएनबीलाही वीज याच बॉक्समधून, त्याच केबलने वर जाते. त्यात आणखी एक गोष्ट अशी, की अनेक घरांत बॉक्स रिमोटनेसुद्धा बंद होत नाही. रिमोट दोन असतात, झोप आलेली असते, टीव्हीचा रिमोट हाताशी सापडतो, पडदा काळा होतो आणि सगळे झाले असे आपण समजतो. बॉक्स मात्र कोणी पाहत नसलेली मालिका रात्रभर उलगडत बसतो.

मध्यम प्रतीच्या बॉक्सचा वापर दहा वॅट धरू. काहींचा याहून कमी असतो आणि रेकॉर्डिंगची सोय असलेल्यांचा बराच अधिक असतो. टीव्ही न पाहण्याचे वीस तास गुणिले दहा वॅट म्हणजे दिवसाला दोनशे वॅट-तास, महिन्याला सहा युनिट आणि वर्षाला त्र्याहत्तर युनिट. बारा रुपयांच्या हिशेबाने वर्षाला ८७६ रुपये झाले. टीव्हीच्या लाल दिव्याच्या वीसपट रक्कम त्याच्या शेजारचा डबा खातो आणि बदनामी मात्र दिव्याची होते.

बारा रुपये हा दर मी का धरला, तेही सांगायला हवे. महावितरणच्या घरगुती बिलात वापराचे टप्पे असतात: शंभर युनिटपर्यंत, मग तीनशेपर्यंत, पाचशेपर्यंत आणि त्यापुढे. दुसऱ्या टप्प्याचा दर पहिल्याच्या दुप्पट किंवा त्याच्या जवळपास असतो. त्यात प्रत्येक युनिटमागे वहन आकार, म्हणजे वीज घरापर्यंत पोहोचवण्याचा खर्च, येतो आणि एकूण रकमेवर सोळा टक्के वीज शुल्क लागते. आपण वापर कमी करतो तेव्हा जी युनिटे वाचतात ती बिलाच्या सरासरी दराने वाचत नाहीत, तर सर्वांत वरच्या टप्प्याच्या दराने वाचतात. महिन्याला एकशेतीस युनिट वापरणाऱ्या कुटुंबाने सहा युनिट वाचवली, तर ती सहाही दुसऱ्या टप्प्यातली असतात. ज्या घराचा वापर शंभराच्या आतच आहे, त्याला हाच आकडा जवळजवळ अर्धा करून घ्यावा लागेल, आणि तीनशेच्या पुढे गेलेल्याला तो वाढवून घ्यावा लागेल. स्थिर आकार मात्र बटण बंद केल्याने एक पैशानेही कमी होत नाही. आपल्या बिलावर दरांचा तक्ता छापलेला असतो. तो वाचण्याची सवय आपल्याला नाही, हे त्या तक्त्याच्या अक्षरांचा आकार पाहता फारसे नवलाचे नाही.

या सगळ्यावर विश्वास ठेवण्यापेक्षा मोजून पाहणे चांगले, आणि त्यासाठी वेगळे यंत्र विकत घ्यावे लागत नाही. पार्किंगमधल्या इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक बारीक लाल दिवा लुकलुकत असतो. एका युनिटला तो किती वेळा लुकलुकतो, हे मीटरच्या दर्शनी पट्टीवरच छापलेले असते. अनेक मीटरांवर हा आकडा ३२०० असतो. घरातले इतर सगळे बंद करून, म्हणजे फ्रीजचा प्लग काढून, देवघरातला छोटा बल्बसुद्धा विझवून, फक्त टीव्ही आणि बॉक्सचे बटण चालू ठेवायचे. इन्व्हर्टर असेल तर त्याचे चार्जिंग तेवढ्या वेळापुरते थांबवावे लागते, नाहीतर तोच मीटर पळवतो. मग खाली जाऊन दोन लुकलुकींमधले सेकंद मोजायचे. छत्तीस लाखांना त्या छापील आकड्याने आणि पुन्हा सेकंदांनी भागले, की वॅट मिळतात. ३२०० चे मीटर असेल आणि दिवा एक मिनिट बावन्न सेकंदांनी लुकलुकला, तर वरती दहा वॅट जळत आहेत. मीटरपुढे मोबाइलचे घड्याळ धरून उभ्या असलेल्या माणसाला वॉचमन काही काळ संशयाने पाहतो, पण तेवढे सोसावे लागते. फक्त टीव्ही चालू ठेवून हाच प्रयोग केला तर दिवा बहुधा हलतच नाही, कारण ठरावीक किमान भाराखाली घरगुती मीटर मोजायलाच सुरुवात करत नाही. इतर उपकरणे चालू असताना मात्र तो अर्धा वॅटही त्यांच्या बेरजेत जातो.

बॉक्स असा का बनतो, हा यातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा प्रश्न आहे. टीव्ही आपण दुकानात जाऊन, चार ठिकाणी भाव करून, तारे मोजून घेतो. बॉक्स आपण निवडत नाही. नाशिकचा समावेश केबल डिजिटायझेशनच्या, म्हणजे केबल टीव्हीला बॉक्स सक्तीचा करण्याच्या, दुसऱ्या टप्प्यातील अडतीस शहरांत होता आणि ३१ मार्च २०१३ ही त्याची मुदत होती. त्या सुमारास केबलवाल्याने जो डबा आणून जोडला, तो आपण घेतला. तो किती वीज खातो, हे आपण विचारले नाही आणि विचारले असते तरी त्याला सांगता आले नसते. बॉक्स विकत घेणारी कंपनी एक, तिला किंमत कमी हवी. विजेचे बिल भरणारे आपण, आपल्याला निवड नाही. ज्याच्या हातात सुधारणा करणे आहे त्याला तिचा काही लाभ नाही, मग सुधारणा होणार कशी? अमेरिकेत हेच झाले होते. तिथल्या एनआरडीसी या पर्यावरण संस्थेने २०११ साली मोजणी केली, तेव्हा बॉक्सना लागणाऱ्या एकूण विजेपैकी सुमारे दोन तृतीयांश वीज कोणी टीव्ही पाहत नसताना जाते असे दिसले. त्यानंतर नियमाचा बडगा दिसू लागल्यावर तिथल्या टीव्ही सेवा कंपन्यांनी २०१२ च्या अखेरीस एकत्र येऊन कमी वीज खाणारे बॉक्स देण्याचा करार केला. आपल्याकडे ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचे तारे ग्राहकांच्या चांगले परिचयाचे झाले आहेत. घरोघरी लागणाऱ्या बॉक्सच्या खोक्यावरही 'स्टँडबायमध्ये इतके वॅट' एवढी एक ओळ सक्तीची करावी, आणि ती केबलवाल्याच्या पावतीवरही असावी, असे मला वाटते. निवड नसली तरी निदान माहिती तरी मिळेल.

शहराच्या पातळीवर हे किती मोठे आहे? एक लाख घरांतले दहा-दहा वॅट म्हणजे एक मेगावॅट. नाशिकजवळच्या एकलहऱ्याच्या औष्णिक वीज केंद्रात २१० मेगावॅटचे तीन संच आहेत, त्यांच्यापुढे हा एक मेगावॅट किरकोळच आहे आणि तो फार मोठा करून सांगण्यात अर्थ नाही. तरीही रोजचे वीस तास धरले तर वर्षाला त्र्याहत्तर लाख युनिट होतात. एका युनिटला साधारण सातशे ग्रॅम कोळसा धरला, तर पाच हजार टनांच्या आसपास कोळसा लागतो. एका मालगाडीतून पावणेचार हजार टनांच्या आसपास कोळसा येतो. म्हणजे एक पूर्ण मालगाडी आणि दुसरीचे वीसेक डबे, कोणी न पाहिलेल्या चित्रांसाठी.

यावर एक आक्षेप नेहमी येतो, की बॉक्स रोज बंद-चालू केल्याने बिघडतो. केबल दुरुस्तीला येणारी मुलेही तसे सांगतात. भारनियमनाच्या वर्षांत आपल्या घरातली उपकरणे दिवसातून दोन-तीनदा, तीही अवेळी, बंद पडत होती आणि तरी टिकली. रात्री एकदा शांतपणे बंद केल्याने बॉक्स मरेल, हे मला पटत नाही. खरी अडचण वेगळी आहे. बंद केलेला बॉक्स पुन्हा सुरू व्हायला दोन-तीन मिनिटे घेतो आणि सुरू होताच स्वतःच्या जाहिरातीचा चॅनेल मोठ्या आवाजात लावतो. घरातल्या आजींची सातची मालिका चुकली, तर ८७६ रुपयांचा युक्तिवाद तिथे चालत नाही. पावणेसातला बटण लावून ठेवणे हा त्यावर एकच उपाय आहे आणि आजी तो आपणहून शोधून काढतात. बॉक्स कित्येक दिवस बंद राहिला तर चॅनेल पुन्हा सुरू होण्यासाठी कंपनीकडून रिफ्रेश मागावे लागते, एवढे गावाला जाताना ध्यानात असू द्यावे.

बटण बंद करू नये, अशी काही ठिकाणेही आहेत. ओएलईडी पडद्याचा टीव्ही बंद केल्यावर काही वेळ स्वतःच्या पडद्याची निगा राखतो, त्यामुळे त्याची वीज लगेच तोडू नये. रेकॉर्डिंग लावले असेल तर बॉक्सला जागे राहणे भागच आहे. उलट स्मार्ट टीव्हीत झटपट सुरू होण्याची किंवा बंद असतानाही नेटशी जोडलेले राहण्याची सोय चालू असेल, तर अर्धा वॅट हा हिशेब कोलमडतो आणि वापर बॉक्सच्या बरोबरीला जाऊ शकतो. ती सेटिंगमधून काढून टाकावी. होम थिएटरचा वूफर आणि जुन्या टीव्हीसाठी घेतलेला, आता उगाच मधे बसलेला स्टॅबिलायझर हे दोघेही गुपचूप खाणारे आहेत. नव्या टीव्हीला बहुधा स्टॅबिलायझर लागतच नाही. मोबाइलच्या रिकाम्या चार्जरवरून घरात भांडणे होतात, ती मात्र मिटवावीत, कारण त्यात बिलावर दिसण्याएवढे काही नसते.

बिलच कमी करायचे असेल तर गीझर आणि पंखे आधी पाहावेत, हेही खरे आहे. पंचाहत्तर वॅटचा जुना पंखा बदलून तीस वॅटचा, कमी वीज खाणाऱ्या मोटरचा बीएलडीसी पंखा लावला आणि तो दिवसाला दहा तास फिरला, तर बॉक्सच्या दुपटीहून अधिक वाचते. परंतु पंख्याला पैसे घालावे लागतात आणि बॉक्सच्या बटणाला काही घालावे लागत नाही.

घालावे लागत नाही, पण हात पोहोचावा लागतो, आणि गाडी नेमकी इथे अडते. आपल्याकडे प्रत्येक सॉकेटशेजारी बटण असते, ही मोठी सोय आहे. मग इंटिरियरवाला येतो आणि त्याच सॉकेटवर प्लायवूडचे सुबक पॅनेल ठोकून देतो. पाथर्डी फाट्याकडच्या आणि मखमलाबादच्या नव्या फ्लॅटांत मी पाहिले, तिथे टीव्हीमागचे बटण दाबायला टीव्हीच भिंतीवरून उचलावा लागेल. घर सजवत असाल तर वायरमनला पॅनेल लागण्यापूर्वीच सांगा, की टीव्ही, बॉक्स आणि वूफर यांचे सॉकेट एका बटणावर घे आणि ते बटण दाराजवळच्या बोर्डावर आण. वायफायचा राउटर मात्र त्यातून वेगळा ठेव. पॅनेल लागून गेले असेल, तर बटणवाला एक्स्टेन्शन बोर्ड घेऊन तो टीव्हीच्या पॅनेलच्या बाजूला, हाताच्या उंचीवर स्क्रूने बसवता येतो. वळवाच्या पावसात विजा चमकू लागल्या की मात्र बटणावर विसंबू नका. तेव्हा प्लग आणि केबलची पिन, दोन्ही काढून ठेवा.